लेकरांच्या खांद्यांवर कोणते ओझे ठेवावे?



सुरतेहून तापी ओलांडून हजीऱ्याच्या रस्त्याला लागले की इच्छापोर येते. रात्रंदिवस मालट्रकांची वर्दळ, एका बाजूला हिरे-दागिन्यांच्या उद्योगाची वसाहत, आणि पुढे हजीऱ्याचे मोठमोठे कारखाने. पोटापाण्यासाठी खानदेशातून, नगर-नाशिककडून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे या पट्ट्यात राहतात. त्यांत आपल्या मंडळीचीही काही घरे आहेत. हा लेख ज्या प्रसंगावरून सुचला तो अशाच एका घरातला आहे. नावे आम्ही सांगत नाही. त्या प्रसंगात चूक कोणाची झाली, एवढे मात्र सांगणार आहोत. चूक आमचीच होती.

त्या घरातील अकरा वर्षांची मुलगी चाकांच्या बुटांवर स्केटिंग करते. शर्यतीचे स्केटिंग वेगळे आणि हे वेगळे. यात संगीताच्या तालावर गिरक्या, उड्या आणि तोल यांचे कौशल्य दाखवायचे असते. बर्फावर ज्याला फिगर स्केटिंग म्हणतात, त्याचाच हा चाकांवरचा भाऊ. आपल्याकडे बर्फाची मैदाने फारच थोडी, म्हणून आपली मुले सिमेंटच्या किंवा लाद्यांच्या मैदानावर हे शिकतात. २०१० साली चीनमधील ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत अनुपकुमार यामा यांनी याच प्रकारात एकट्याने एक आणि अवनी पंचाल यांच्या जोडीने एक अशी दोन कांस्यपदके भारताला मिळवून दिली. तेव्हापासून आपल्या मुलांना हे स्वप्न अगदीच परके राहिलेले नाही. शिवाय सुरत हे हरमीत देसाई आणि मानव ठक्कर या टेबल टेनिसपटूंचे गाव. आपल्या गल्लीतला मुलगा जगभर खेळतो हे येथल्या लेकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

तर या मुलीची मोठ्या स्पर्धेसाठी निवड झाली. स्पर्धेच्या आदल्या रविवारी उपासनेच्या शेवटी आम्ही तिला पुढे बोलावले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्या आवाजात प्रार्थना केली, की प्रभो, हिला यश दे, आणि हिच्या यशाने तुझ्या नावाचा गौरव होऊ दे. सर्वांनी आमेन म्हटले. तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आले. आपण एक चांगले काम केले असे आम्हांस वाटले.

स्पर्धेत ती दुसऱ्याच उडीला पडली. उठली, पण पुढे गेली नाही. कडेला जाऊन कठड्याला धरून उभी राहिली. संगीत शेवटपर्यंत वाजत राहिले.

पुढचे तीन रविवार ती शब्बाथशाळेत आली नाही. चौथ्या आठवड्यात आम्ही घरी गेलो. आई म्हणाली, "काय सांगू दादा, ती म्हणते, मंडळीत कोणत्या तोंडाने येऊ?" मुलगी आतल्या दाराशी उभी होती. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "काका, तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली होती ना? मग मी पडले म्हणजे देवाचं नाव खराब झालं का?"

आमच्या घरात ईशज्ञानाच्या पदविकेचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले आहे. वीस वर्षे आम्ही उपदेश करीत आहोत. परंतु त्या क्षणी आमच्याजवळ उत्तर नव्हते. आपण तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा आशीर्वाद ठेवला, की ओझे ठेवले, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे. तो वाचकांपुढे, विशेषतः शब्बाथशाळेच्या शिक्षकांपुढे, मांडावा म्हणून हे लिहीत आहोत.

या खेळात ओझ्याने काय होते हे जगाने एकदा उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत बीजिंगला हिवाळी ऑलिंपिक झाले. कमिला वालिएवा ही रशियाची पंधरा वर्षांची मुलगी तेथे सर्वांत पुढे मानली जात होती. स्पर्धा चालू असतानाच बातमी आली की डिसेंबर २०२१ मध्ये घेतलेल्या तिच्या चाचणीत बंदी असलेले औषध सापडले होते. तरीही तिला खेळू दिले गेले. पहिल्या फेरीअंती ती पहिली होती. १७ फेब्रुवारीला दुसऱ्या फेरीत ती पुनःपुन्हा कोलमडली आणि चौथी आली. ती रडत बाहेर आली तेव्हा तिला जवळ घेण्याऐवजी तिच्या प्रशिक्षिकेने, तू झुंज का सोडलीस, असा जाब विचारला. ते दृश्य पाहून अंगावर काटा आला असे ऑलिंपिक समितीच्या तत्कालीन अध्यक्षांनी जाहीरपणे बोलून दाखवले. आणखी एक गोष्ट तितकी लक्षात राहिलेली नाही. त्याच देशाची जी मुलगी सुवर्णपदक जिंकली, ती त्या वेळी हातात खेळणे धरून एकटीच बसली होती. हरणारीजवळ मायेचे कोणी नव्हते आणि जिंकणारीजवळही नव्हते.

त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने मोठ्या गटासाठी किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरा केले. पुढे २०२४ च्या जानेवारीत वालिएवावर डिसेंबर २०२१ पासून मोजून चार वर्षांची बंदी घालण्यात आली. शिक्षेचा मुख्य भार त्या लेकरावर पडला. तिच्याभोवतीच्या मोठ्या माणसांना काय भोगावे लागले, हा प्रश्न वाचकांनी स्वतःस विचारावा.

आपण म्हणू, ती परक्या देशातली गोष्ट, तेथली माणसे कठोर. पण आम्ही कोठे कठोर होतो? आम्ही तर प्रार्थना केली होती! म्हणूनच हा विषय सोपा नाही. लेकराला धाक घालून जे ओझे देता येते, तेच कधीकधी कौतुक करूनही देता येते.

अशा वेळी दोन मते ऐकू येतात. एक मत असे की लहान मुलांना मोठ्या स्पर्धेत पाठवूच नये, त्यांचे बालपण हिरावले जाते. दुसरे मत असे की जग काही कोणाची गय करीत नाही, तेव्हा मुलांना आत्ताच टणक करावे. दोन्ही मतांत थोडे सत्य आहे, परंतु दोन्ही मते एकच चूक करतात. ती सर्व ओझे एकाच जातीचे समजतात.

आमच्या मते ओझी दोन आहेत. पहिले कामाचे. रोज पहाटे उठणे, तीच उडी शंभर वेळा मारणे, पडणे, खरचटणे, शिक्षकांनी दाखवलेली चूक मान्य करणे, अनोळखी परीक्षकांपुढे उभे राहणे. हे ओझे लेकराला त्याच्या वयाप्रमाणे थोडेथोडे द्यावे, कारण त्यानेच पाठ घट्ट होते. दुसरे ओझे योग्यतेचे. 'तू जिंकलीस तर आमची, हरलीस तर आमचे तोंड खाली' असे जे बोलून किंवा न बोलता सांगितले जाते, ते हे ओझे. हे थोडेसुद्धा देऊ नये. अकरा वर्षांच्या मुलीनेच काय, पन्नास वर्षांच्या माणसानेही ते उचलू नये, कारण ते माणसाने उचलण्यासाठी निर्माण केलेलेच नाही.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. मनाचे आणि शरीराचे कामच तसे चालते. जी हालचाल हजार वेळा करून अंगवळणी पडलेली असते, ती करताना मन तिच्यावर पहारा ठेवू लागले की ती बिघडते. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करून पाहा, पाय अडखळेल. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना तर हे नवे नाही. तेविसावे स्तोत्र घरी घडाघडा म्हणणारे मूल नाताळच्या कार्यक्रमात उभे राहते, 'आता चुकलो तर?' असा विचार त्याच्या मनात येतो, आणि दुसऱ्याच ओळीला गाडी थांबते. त्याला स्तोत्र येत नव्हते असे नाही. त्याचे चित्त स्तोत्रावरून उठून लोकांच्या चेहऱ्यांवर गेले. छाती धडधडते, श्वास वरच्यावर होतो, हात गार पडतात. शरीर जणू वाघ समोर आल्यासारखे वागते. आणि ज्या लेकराला वाटते की पडलो तर आपण कोणाचे राहणार नाही, त्याच्यासमोर खरोखरच वाघ उभा असतो.

ज्याचे चित्त कामावरून उठून निकालावर जाते त्याचे काय होते, याचे एक उदाहरण स्केटिंगमध्येच आहे. २ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेत चाकांच्या स्केटिंगची पुरुषांची तीन हजार मीटर रिले शर्यत झाली. दक्षिण कोरियाचा शेवटचा खेळाडू सर्वांत पुढे होता. रेषा हाताच्या अंतरावर असताना त्याने विजयाच्या आनंदात दोन्ही हात वर केले. मागून येणाऱ्या तैवानच्या हुआंग यू-लिनने मात्र तेवढ्यात पाय लांब करून रेषेला लावला. एक शतांश सेकंदाने सुवर्णपदक तैवानकडे गेले. कोरियाच्या त्या खेळाडूने पुढे सहकाऱ्यांची आणि देशाची माफी मागितली. त्याच शर्यतीत तिसरा आला तो भारताचा संघ, आणि त्यात विक्रम इंगळे व सिद्धांत कांबळे ही मराठी नावे होती. आपल्या मुलांनी ही गोष्ट जवळून पाहिली. लोक यातून गर्वाचा धडा काढतात, तो ठीक आहे. आम्हांस त्यात आणखी एक दिसते. रेषा ओलांडण्यापूर्वी निकालाकडे पाहिले की पाय थांबतो, मग तो निकाल विजयाचा वाटो वा पराजयाचा. कोरियाचा तो तरुण आनंदाने थांबला, आमची मुलगी भीतीने थांबली. दोघांचेही संगीत अजून चालू होते.

येथे एखादा वाचक म्हणेल, समजले! मुलांवर निकालाचे दडपण न टाकता प्रेम केले, तर ती अधिक चांगली खेळतील आणि जिंकतील. बंधुभगिनींनो, येथेच थांबून विचार केला पाहिजे. जिंकावे म्हणून बिनशर्त प्रेम करणे, हे बिनशर्त कसे? ती तर अटच झाली, फक्त गोड कागदात गुंडाळलेली. आणि लेकरे हे ओळखतात. 'निकालाची काळजी करू नकोस' असे बाप म्हणतो आणि निकालाच्या फलकाकडे पाहून त्याचा चेहरा उतरतो, तेव्हा मूल शब्दांवर विश्वास ठेवीत नाही, चेहऱ्यावर ठेवते. म्हणून हा प्रश्न प्रशिक्षणाच्या युक्तीचा नाही, सत्याचा आहे. ते लेकरू पडले तरी ते आपल्याला खरोखर तितकेच मोलाचे आहे काय? ते तसे असेल तरच तसे बोलावे. नसेल, तर आधी आपलेच अंतःकरण तपासावे.

याविषयी विचार करताना आम्हांस यार्देन नदीचा प्रसंग आठवला. आपल्या प्रभूचा बाप्तिस्मा झाला आणि स्वर्गातून पित्याचा शब्द आला, की हा माझा प्रिय, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोपर्यंत प्रभूने एकही उपदेश केलेला नव्हता, एकही आजारी बरा केलेला नव्हता. मार्काच्या शुभवर्तमानात तर हा सेवेचा आरंभच आहे. कोणतेही फळ दिसण्यापूर्वी पित्याने आपला संतोष प्रकट केला. आणि लगेच अरण्यातली परीक्षा आली. मत्तयाने सांगितलेल्या वृत्तांतात सैतानाचा डाव काय होता? तू पुत्र असशील तर सिद्ध करून दाखव! प्रभूने सिद्ध करून दाखवण्याचे नाकारले, कारण जे आधीच मिळालेले आहे ते सिद्ध करण्याची गरज नसते. लेकराला परीक्षेसाठी तयार करण्याचा क्रम येथे स्पष्ट आहे. आधी यार्देन, मग अरण्य. आम्ही मात्र त्या मुलीला यार्देन न दाखवता अरण्यात पाठवले.

मग पौलाचे काय, असे कोणी विचारील. प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात धावपटूचा दाखला दिला आहे आणि जिंकण्यासाठीच धावा असे आग्रहाने सांगितले आहे. होय. करिंथाजवळ इस्थमियाचे खेळ दर दोन वर्षांनी भरत, तेथे विजेत्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट घालीत, आणि पौलाच्या वाचकांनी तो सुकलेलाही पाहिला होता. पौल मेहनतीला कमी लेखत नाही. तो संयम मागतो, सराव मागतो. म्हणजे कामाचे ओझे तो पुरेपूर देतो. परंतु देवाने आपल्याला स्वीकारावे म्हणून धावा, असे तो कोठेही म्हणत नाही. उलट जो स्वीकारला गेला आहे तोच मोकळ्या पायांनी धावू शकतो, हे त्याच्या सर्व पत्रांचे सार आहे. तेव्हा ख्रिस्ती घरात मेहनत ढिली असावी असा याचा अर्थ कोणी काढू नये.

आपल्याकडे याचे एक सुंदर उदाहरण खेळाच्या इतिहासात आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत सहावे आले. पदक नाही. तरीही १९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा गावच्या लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केले असे सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याने मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. पदक आले ही आनंदाची गोष्ट, पण आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते हे, की रिकाम्या हाताने परतलेल्या मुलाच्या पाठीशी लोक उभे राहिले.

आणि थांबण्याविषयीही एक शब्द. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियोच्या स्पर्धेत २७ जुलै २०२१ रोजी सांघिक अंतिम फेरीतून मध्येच बाहेर पडली. हवेत असताना आपले शरीर कोठे आहे याचे भान तिला राहत नव्हते. तशा स्थितीत उडी मारणे म्हणजे मान मोडून घेणे. तिला पळपुटी म्हणणारेही निघाले. २०२४ साली पॅरिसला तिने तीन सुवर्ण आणि एक रौप्यपदक मिळवले. समजा, मिळवले नसते, तरीही २०२१ चा तिचा निर्णय योग्यच होता. 'मला आज जमत नाही' असे लेकराने सांगितले तर ते ऐकून घेणारा एक तरी मोठा माणूस त्याच्याजवळ असला पाहिजे.

आता रविवारचा प्रश्न. आमच्याकडे पालक नेहमी विचारतात, सराव रविवारी सकाळी असतो, काय करावे? येथे एरिक लिडेल यांचे नाव निघतेच. १९२४ साली पॅरिसला शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून त्यांनी ती शर्यत सोडली, आणि चारशे मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. हे आपण सर्व शब्बाथशाळांत सांगतो. पण पुढची गोष्ट क्वचितच सांगतो. लिडेल मिशनरी म्हणून चीनला गेले आणि महायुद्धात जपान्यांच्या वेईशिएन येथील छावणीत बंदिवान झाले. तेथे ते मुलांना शिकवीत, त्यांचे खेळ घेत, मात्र रविवारी नाही. एका रविवारी मुलांनी आपले आपणच हॉकी खेळायला घेतली आणि भांडण झाले. त्यानंतर मुलांसाठी लिडेल रविवारीही पंच म्हणून उभे राहिले असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याच छावणीत ते मरण पावले. स्वतःसाठी नियम कडक आणि लेकरांसाठी हात मोकळा, असा तो मनुष्य होता. आपण बहुधा उलट करतो. रविवार पाळणे ही मुलाने समजून उमजून केलेली निवड असेल तर ती त्याचा मान आहे. आपण ती दरडावून लादली तर ते आणखी एक ओझे.

शिक्षकांस व आईबापांस उपयोगी पडावे म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. यांतील काही त्या मुलीच्या प्रशिक्षकांकडूनच आम्ही शिकलो.

सरावातच स्पर्धा आणावी. तोच पोशाख, तेच संगीत, आणि बघायला दहा अनोळखी माणसे. भीती पहिल्यांदा स्पर्धेच्या दिवशीच भेटू नये.

पडण्याचाही सराव असावा. बर्फावरच्या नियमांत साधारणपणे एका पडण्याचा एक गुण वजा होतो. त्या बिघडलेल्या उडीचेही गुण कमी होतात, पण पुढच्या उड्या आणि गिरक्या शाबूत असतात. पडल्याने जेवढे जाते त्याहून अधिक न उठल्याने जाते, हे मुलाने अंगाने शिकावे, केवळ कानाने नव्हे.

आरंभापूर्वी एक ठरलेली छोटी पद्धत असावी. बुटाची नाडी पाहणे, हळूहळू लांब श्वास सोडणे, पहिल्या पावलाचा विचार. शेवटच्या गुणांचा नाही. प्रार्थना करावयाची तर तीही छोटी, आणि यश मागणारी नव्हे, सोबत मागणारी.

परत येताना वाटेत मुलाला चुका सांगू नयेत. भूक लागली आहे का, हे विचारावे. चुका दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक सांगतील, ते त्यांचे काम आहे. आपले काम घरी नेण्याचे.

आणि शेवटची गोष्ट आपल्या मंडळ्यांना. आपल्याही वचन पाठांतराच्या स्पर्धा असतात, गायनाच्या असतात. त्या असाव्यात. पण पहिल्या आलेल्याचे नाव व्यासपीठावरून वाचताना, शेवटच्या रांगेत खाली मान घालून बसलेल्या मुलाकडे त्या दिवशी कोणी गेले होते काय?

आम्ही त्या मुलीकडे पुन्हा गेलो. तिला म्हणालो, "बाळ, चूक माझी झाली. मी देवाचं नाव तुझ्या पायांवर ठेवलं. ते तिथं ठेवायचं नव्हतं. तू पडलीस तेव्हा देवाचं काहीही पडलं नाही." तिने विचारले, "मग पुन्हा पडले तर?" आम्ही म्हणालो, "तर उठ. आणि नाही उठता आलं, तरी रविवारी ये. तुझी जागा ठेवलेली असेल."

ती आली. पुढल्या वर्षी ती त्याच स्पर्धेत पुन्हा उतरली. आदल्या रविवारी आम्ही तिला पुढे बोलावले नाही. आपापल्या जागी बसून, परीक्षा असलेल्या मुलांसाठी, नोकरी सुटलेल्या एका बंधूसाठी आणि तिच्यासाठी, सर्वांसाठी एकच प्रार्थना झाली. स्पर्धेत ती एकदा पडली, उठली, आणि संगीत संपेपर्यंत खेळली. पदक मिळाले नाही. नंतरच्या रविवारी ती शब्बाथशाळेत वेळेवर आली, आणि लहान वर्गातल्या मुलांना बूट कसे बांधतात ते दाखवीत बसली.

आम्ही मागच्या बाकावरून पाहत होतो. ज्या गौरवासाठी आम्ही वर्षभरापूर्वी एवढ्या मोठ्याने प्रार्थना केली होती, त्याचा थोडा अर्थ आम्हांस त्या दिवशी कळला.